बायकोसाठी हलकं रिव्हॉल्वर घ्यायचंय? आधी ‘हलकं’ म्हणजे काय ते बघू

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ठाण्याच्या नौपाड्यातले ओळखीचे एक सराफ बायकोला घेऊन घरी आले. चहा झाला, सोन्याच्या भावाच्या चढउताराच्या गप्पा झाल्या, आणि मग त्यांनी खरा विषय काढला. "ताई, तुम्ही इतकी वर्षं रेंजवर जाता. हिच्यासाठी एखादं हलकं रिव्हॉल्वर सांगा. पर्समध्ये सहज मावेल असं. जड नको, हिला झेपायचं नाही."

मी वहिनींकडे पाहिलं. ज्यांच्या पर्समध्ये ते जाणार होतं त्या तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. दुकान बंद झाल्यावर रात्री नऊ-साडेनऊला त्या गोखले रोडने घरी निघतात. खांद्यावरच्या पिशवीत कधी काय असतं याचा अंदाज बाजारात चार जणांना तरी असतो. म्हणजे भीती खरी होती. पण "जड नको, झेपायचं नाही" हे वाक्य मला खटकलं. रिव्हॉल्वर जितकं हलकं तितकं ते बाळगायला सोपं, हे बरोबर. चालवायला मात्र ते तितकंच अवघड होतं. हा उलटा हिशोब दुकानाच्या काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी .२२ चं (हा आकडा म्हणजे बोअर, नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप) स्पोर्ट्स पिस्तूल चालवते, तेही फक्त नेमबाजीच्या रेंजवर, कागदी टार्गेटवर. स्वसंरक्षणासाठी मी शस्त्र बाळगत नाही. वहिनींना जे सांगितलं तेच इथे आहे.

भेट देता येत नाही

साडी, बांगड्या, स्कूटर, यातलं काहीही नवरा बायकोच्या हातात आणून ठेवू शकतो. रिव्हॉल्वर नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. आमच्या सराफांकडे स्वतःचा परवाना आणि जुनं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर आहे. "तोवर माझंच हिच्याकडे देतो" असं ते सहज बोलून गेले. मी त्यांना तिथेच थांबवलं. परवाना त्यांचा आणि शस्त्र वहिनींच्या पर्समध्ये, असं सापडलं तर ते विनापरवाना शस्त्र बाळगणंच ठरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. अडकणार वहिनी, आणि त्यांच्यासोबत शस्त्र देणारे तेही.

म्हणजे अर्ज वहिनींनी स्वतःच्या नावाने करायचा. ठाणे शहराला आणि नवी मुंबईला वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, त्यामुळे या हद्दींत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे. मुरबाड, शहापूरकडे राहणाऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. वय २१ पूर्ण हवं. नमुना ए-१ मध्ये अर्ज, स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी, वैद्यकीय दाखला, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. हे प्रशिक्षण २०१६ च्या शस्त्र नियमांनी आणलं, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रक्रियेतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. परवाना मिळाला तर तो ५ वर्षांचा असतो. पूर्वी ३ वर्षांचा असायचा. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात.

आणि परवाना मागितला म्हणजे मिळालाच असं नसतं. तुमच्या जिवाला धोका का वाटतो, हे कागदावर पटवून द्यावं लागतं. सराफी पेढीची कागदपत्रं, पूर्वी तक्रार केली असेल तर तिची प्रत, मालाची ने-आण कशी होते याचा तपशील. "हल्ली दिवस वाईट आहेत" एवढ्यावर फाइल पुढे सरकत नाही, आणि ते योग्यच आहे.

परवाना आधी, शस्त्र नंतर. त्यामुळे "कुठलं घेऊ" हा प्रश्न खरं तर दुसरा. पण अर्ज चौकशीत असतानाचे महिने वाया घालवायचे नसतील, तर त्याच काळात शिकून घेणं उत्तम.

होडीतून काठावर पाय टाकताना

तलावपाळीला मासुंदा तलावात कधी होडीत बसला असाल तर रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना शस्त्राचा मागे बसणारा झटका, काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. होडीतून काठावर पाय टाकला की होडी मागे सरकते. होडी मोठी असेल तर किंचित, लहान असेल तर एवढी की तोल जातो. तुमचं वजन तेच, तुमची उडी तीच. मागे किती सरकायचं हे होडीचं वजन ठरवतं.

गोळी पुढे जाते तेव्हा रिव्हॉल्वर मागे येतं ते याच नियमाने. काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्वरचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला बसणारी झटक्याची ऊर्जाही दुप्पट होते. ७०० ग्रॅमचं सोडून ५०० ग्रॅमचं घेतलं की तोच झटका साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. हलकं रिव्हॉल्वर नाजूक हाताला सोयीचं, ही समजूत इथेच उलटी पडते. नाजूक हाताला झटका जास्त लागतो आणि आपण त्याच हातात जास्त झटका देणारी वस्तू ठेवतो.

अमेरिकेत ही गोष्ट टोकाला गेली. तिथे खिशात, पर्समध्ये रिव्हॉल्वर बाळगण्याची रीत जुनी, त्यामुळे वजन कमी करण्याची चढाओढही जुनी. १९५० मध्ये कोल्ट कंपनीने ‘कोब्रा’ आणलं, त्याची फ्रेम, म्हणजे मुख्य सांगाडा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. पाठोपाठ स्मिथ अँड वेसनची ‘एअरवेट’ मालिका आली. त्याच काळात तिथल्या हवाई दलाने वैमानिकांसाठी फ्रेमच नव्हे, तर काडतुसं बसतात ते सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचं केलेली रिव्हॉल्वर घेतली. स्फोटाचा दाब त्या धातूला सोसेना. शेवटी ती वापरातून काढून घेतली आणि बहुतेक मोडीत काढली. वजन कमी करायला कुठे थांबायचं असतं, हे तेव्हा कळलं.

पुढे टायटॅनियम आलं, ॲल्युमिनियमला स्कँडियमची जोड मिळाली, आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आतलं रिव्हॉल्वर .३५७ मॅग्नमसारखं जबर काडतूस उडवायला लागलं. माझ्या ढोबळ हिशोबाने त्याचा झटका आपल्याकडच्या ५०० ग्रॅमच्या .३२ च्या आठ-दहा पट येतो. अशा रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक विचित्र प्रकार घडतो. एक गोळी झाडली की रिव्हॉल्वर इतक्या जोरात मागे येतं की उरलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात आणि आपापल्या कवचातून पुढे सरकतात. एखादी जास्त पुढे आली तर सिलिंडर फिरायचं थांबतं आणि रिव्हॉल्वर अडकून बसतं. ज्या यंत्राची ख्याती "कधीच अडकत नाही" अशी, ते निव्वळ हलकं केल्यामुळे अडकतं.

आता आपल्याकडची दिलासा देणारी बाजू. भारतात सामान्य परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्वर म्हणजे बहुधा .३२ बोअर, कधी .२२. सैन्य-पोलिसांचं ९ मिमी नागरिकांना बंद आहे. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचं. मुळातच सौम्य. गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आत. ऊर्जा ९ मिमीच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे ५०० ग्रॅमच्या .३२ चा झटका सरावाने सोसता येतो. हात मोडेल असं काही त्यात नाही. आपल्या बाजारात हलकेपणाची खरी किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे, ट्रिगरवर.

पाच किलोचा तांदूळ एका बोटावर

रिव्हॉल्वर दोन प्रकारे चालतं. मागचा हॅमर, म्हणजे काडतूस पेटवायला आपटणारा घोडा, अंगठ्याने आधी चढवून ठेवला तर ट्रिगर हलका होतो, जरासा दाबला तरी गोळी सुटते. याला सिंगल ॲक्शन म्हणतात. हॅमर न चढवता थेट ट्रिगर ओढला तर तोच ओढा हॅमर मागे नेतो, सिलिंडर एक खाना फिरवतो आणि शेवटी हॅमर सोडतो. ही डबल ॲक्शन. एवढी सगळी कामं एका बोटाने करायची, म्हणून हा ओढा लांब आणि जड असतो. लहान रिव्हॉल्वरमध्ये साडेचार ते साडेपाच किलो सर्रास.

वहिनींना मी स्वयंपाकघरात नेलं. पाच किलोची तांदळाची पिशवी तर्जनीच्या पहिल्या पेरावर लटकवायला सांगितली. लटकवता आली. मग म्हटलं, आता हाताचं बाकी कुठलंच बोट, मनगट, काहीही न हलवता फक्त ही तर्जनी आत ओढा. त्या हसल्या, कारण मनगट आपोआप खाली गेलं.

नेमकं हेच रिव्हॉल्वरमध्ये होतं. माझ्या खेळात, २५ मीटर पिस्तुलात, ट्रिगरचा भार कमीत कमी १ किलो असावा असा नियम आहे आणि पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. म्हणजे पिस्तूल आणि ट्रिगरचा भार जवळपास तोलाचे. तिथेसुद्धा बोट नुसतं वाकडं ओढलं तर गोळी काळ्या वर्तुळाबाहेर जाते. आता ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर आणि ५ किलोचा ट्रिगर. दहापट. बोट ओढताना अख्खं रिव्हॉल्वर सोबत वळतं, उजव्या हाताच्या माणसाचं बहुधा खाली-डावीकडे. जड रिव्हॉल्वर आपल्या वजनानेच जागेवर राहायला मदत करतं. हलक्याला ते जमत नाही, तिथे सगळा भार मुठीच्या पकडीवर.

कुणी म्हणेल, मग हॅमर चढवूनच चालवावं. रेंजवर जरूर. पण घाबरलेल्या, घामेजलेल्या हातात हॅमर चढवलेलं रिव्हॉल्वर म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी. आणि चढवलेला हॅमर परत हळूच खाली सोडणं हे नवख्याने करायचं कामच नव्हे. स्वसंरक्षणासाठी शिकायचं तर डबल ॲक्शनच शिकावं, असं माझं ठाम मत आहे. ज्या बोटाला तो ओढा सलग सहा वेळा झेपत नाही, त्या माणसाने ते रिव्हॉल्वर घेऊ नये. हे बायकांनाच लागू आहे असं नाही. सांधेदुखी असलेल्या साठीच्या पुरुषांनाही तेवढंच लागू.

आखूड नळीचाही यात वाटा आहे. नेम धरायला पुढची आणि मागची खूण एका रेषेत आणायची असते. त्या दोन खुणांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल आणि तुमची पुढची खूण फक्त १ मिलिमीटर चुकली, तर ५ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर बाजूला जाते. २५ मीटरवर २५ सेंटिमीटर. माझ्या टार्गेटचं मधलं वर्तुळ फक्त ५ सेंटिमीटरचं असतं, यावरून कल्पना करा. म्हणून जाहिरातीतल्या "५० मीटर रेंज"कडे बघू नका. गोळी तिथवर पोचते, नेम पोचत नाही. या वस्तूचं काम जिन्याच्या एका टप्प्याएवढ्या अंतरावरचं आहे.

बाजारात काय आहे

जुनं, भरवशाचं म्हणजे आयुध निर्माणीचं .३२, जुन्या ब्रिटिश वेब्ली घडणीचं, मधोमध दुमडून उघडणारं, वजन ७०० ग्रॅमच्या घरात. आमच्या सराफांकडे आहे ते हेच. परदेशी बनावटीचं नवं रिव्हॉल्वर मागवणं साध्या परवानाधारकाला शक्य नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या हलक्या मॉडेलांची वर्णनं वाचून स्वप्नं बघण्यात अर्थ नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं. .३२ बोअर, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. बायकांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि ते दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून पेटीतून यायचं. ती पेटी मला तेव्हाही आवडली नव्हती. निर्भयाच्या नावाची आठवण करून देणारी वस्तू मखमलीत ठेवून विकायची, आणि ती चालवायला किती सराव लागतो हे मात्र सांगायचं नाही. शिवाय ज्या मुली रात्री उशिरा बसने घरी परततात त्यांच्यातल्या किती जणी सव्वा लाख रुपये देऊ शकतात? वजन कमी करण्याचा प्रयत्न प्रामाणिक होता, पण बायकांसाठी म्हणजे हलकं, हे गृहीतक त्यात न तपासता आलं.

पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ त्याहून हलकं, २५० ग्रॅम, .२२ बोअरचं. हातात घेतलं तर खेळण्यासारखं वाटतं. काडतूस बारीक असल्याने झटका सोसवतो, पण ट्रिगरचं वर सांगितलेलं गणित इथे आणखी बिघडतं. त्यात .२२ चं काडतूस रिमच्या आत भरलेल्या मसाल्यावर पेटतं आणि ते न पेटण्याचं प्रमाण इतर काडतुसांपेक्षा जास्त असतं. माझी दर हंगामात एक-दोन तरी फुसकी निघतातच. रेंजवर हात वर करून सांगायचं, दुसरी घ्यायची. अंधाऱ्या पार्किंगमध्ये हात वर करायला कोणी नसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ बाजारात आणलं. आयुध निर्माणी मंडळाची २०२१ मध्ये सात कंपन्यांत विभागणी झाली, त्यातली ही एक. .३२ बोअर, नळी ७६ मिमी, वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे ते रिकामं आहे की भरलेलं हे एका नजरेत दिसतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ही गोष्ट वजनाच्या शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा मोठी वाटते.

अमुकच घ्या असं मी सांगणार नाही. मूठ कुणाची, हे बघितल्याशिवाय ते सांगताच येत नाही. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतं का, करंगळी मुठीवर टेकते की खाली हवेत राहते, हे प्रत्येकीचं वेगळं. चप्पल कधी नवऱ्याच्या पायाने मापून घेत नाही, तसंच हे.

पर्स ही चुकीची जागा

"पर्समध्ये मावेल असं" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग उरला. २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी नेताना हातशस्त्र होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या खास म्यानात, किंवा तशा पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. पर्समध्ये किल्ल्या, चार्जर, लिपस्टिक यांच्यात सुटं रिव्हॉल्वर टाकलं तर पहिली अट मोडते, आणि एखादी किल्ली ट्रिगरच्या कड्यात शिरली तर गोष्ट नियमापुरती राहत नाही. शिवाय चोर आधी काय ओढतो? पर्सच. मग तुमचं शस्त्र त्याच्या हातात, आणि त्याने पुढे जे केलं त्याची सुरुवात तुमच्या नावाच्या परवान्यापासून. सहा सत्तावन्नच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात चारही बाजूंनी रेटा असताना पर्स कुणाच्या ताब्यात असते, हे रोज जाणाऱ्या बायकांना विचारा.

म्हणजे शस्त्र अंगावर, कंबरेला. आणि इथे, फक्त इथे, हलकेपणाचा खरा उपयोग आहे. आपल्याकडच्या कपड्यांचा विचार या वस्तू बनवणाऱ्यांनी केलेलाच नसतो. परकराच्या नाडीवर अर्धा किलो टिकत नाही. लेगिंगला पट्टाच नसतो. कुर्त्याच्या आत रुंद, कडक पट्टा आणि त्यावर ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, हे जमू शकतं. वहिनी दुकानात साडी नेसतात. "मग रात्री निघताना बदलावी लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचा हा पहिलाच प्रश्न होता, आणि त्यांच्या यजमानांच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा नेमका. कारण दिवसभर बोचणारी गोष्ट माणूस आठवड्याभरात घरी ठेवायला लागतो, आणि घरी ठेवलेलं शस्त्र वाटेत उपयोगाचं नसतं.

मॉलच्या दारात बॅग तपासतात, कोर्टात तपासतात, अनेक हॉस्पिटलांतही. तिथे आत नेता येत नाही आणि गाडीत सोडूनही जाता येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलिसांकडे जमा करा अशी नोटीस येऊ शकते. हे दिवस धरूनच विचार करायचा.

आणि ठाण्याचा पाऊस. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खाडीची दमट हवा लोखंडाला सोडत नाही. फ्रेम टायटॅनियमची असली तरी नळी, ट्रिगरच्या आतल्या स्प्रिंगा, खिळे पोलादाचेच. अंगाला लागून राहणाऱ्या शस्त्राला वर घाम. चामड्याचं होल्स्टर ओल धरून ठेवतं, म्हणून शस्त्र कपाटात ठेवताना होल्स्टरमधून काढून ठेवावं, तेलाचा हलका हात फिरवावा. मी एका पावसाळ्यात आठवडाभर आळस केला आणि माझ्या पिस्तुलाच्या नळीवर तांबूस ठिपके आले. ते घासून गेले, खूण राहिली.

घरात लहान मुलं असतील तर रिव्हॉल्वर आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, किल्ल्या मोठ्यांच्या अंगावर. वरच्या फळीवर, साड्यांच्या खाली, देव्हाऱ्यामागे, या जागा मुलांना आपल्याआधी माहीत असतात. आणि घरात कुणी खचलेलं असेल, उदास असेल, तर त्या काळात शस्त्र घरात नकोच. चोराच्या भीतीने आणलेली वस्तू आपल्याच माणसाच्या वाईट रात्री हाताशी येऊ नये.

झाडायची वेळ आली तर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. हक्क पक्का आहे, पण मर्यादा स्पष्ट आहे. बचावाला जेवढं आवश्यक तेवढंच. जिवावरचा हल्ला, बलात्काराचा प्रयत्न, अपहरण अशा प्रसंगी तो हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणं यात बसेल असं मानून चालू नये. सोन्याचा विमा काढता येतो. गर्दीच्या गोखले रोडवर चुकलेल्या गोळीचा काढता येत नाही. दाखवून घाबरवायलाही शस्त्र बाहेर काढायचं नाही, आणि लग्नात, वरातीत हवेत झाडलं तर त्याला वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या दोघांना म्हटलं, रिव्हॉल्वरच्या आधी माल नेण्याची पद्धत बदला. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तीच पिशवी, एकटं माणूस, हे चारही बदलता येतात आणि त्याला परवाना लागत नाही. दुकानातच चांगली तिजोरी, बरोबर एक विश्वासू माणूस, मोबाइलवर ११२ हाताशी. सराफांना हे पटायला वेळ लागला. वहिनींना लगेच पटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं मुंबईतल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. दुकानदाराने दोन रिव्हॉल्वर काढली, दोन्हींचे खाने रिकामे करून दाखवले, डमी काडतुसं भरली. यजमानांनी हलकं उचलून वहिनींच्या हातात दिलं. "बघ, कळतही नाही हातात आहे ते." वहिनींनी भिंतीवरच्या एका डागाकडे रोखून ट्रिगर ओढला. नळीचं टोक खाली झुकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरलं तरी थोडं झुकलंच. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि जड उचललं. सावकाश, दात ओठांवर ठेवून ओढलं. टोक डागावरच राहिलं. सहा वेळा ओढल्यावर बोट चोळत त्या म्हणाल्या, "हे झेपतंय मला. पण याच्यासाठी पट्टा कुठला घ्यायचा, ते आधी सांगा ताई."

त्यांचा अर्ज सध्या चौकशीत आहे. तोवर रविवारी सकाळी त्या माझ्याबरोबर वरळीच्या रेंजवर येतात. घरी तांदळाच्या पिशवीवर बोटाचा व्यायाम चालू आहे, आणि संध्याकाळी दुकानातला माल आता तिथल्याच तिजोरीत राहतो.